युद्धकाळातील ज्यू कुटुंबाचे दप्तर : छायाचित्रे व कागदपत्रे यांच्या जतनाचा विचार

इतिहासाच्या अभ्यासकाला ‘दप्तर’ ही कल्पना नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून घराण्यांची जुनी दप्तरे धुंडाळणे, अस्सल कोणते व नक्कल कोणती याचा निर्णय करणे आणि रुमालात बांधलेल्या कागदांची संगती लावणे ही कामे आपल्याकडे संशोधनाचा पाया मानली गेली आहेत. मात्र आपल्याकडील दप्तर बहुधा ज्या वाड्यात निर्माण झाले त्याच वाड्याच्या माळ्यावर सापडते. त्याचे शत्रू म्हणजे कसर, वाळवी आणि वारसांची उदासीनता. ज्या कुटुंबाचे घर, सामान आणि माणसे या तिहींचाही एका राजवटीने योजनापूर्वक नाश केला, त्याचे दप्तर कोठे शोधावयाचे? आणि ते सापडलेच, तर त्याचे जतन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? १९३३ ते १९४५ या काळातील युरोपीय ज्यू कुटुंबांच्या कागदांसंबंधी हे दोन्ही प्रश्न उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार मुख्यतः एका कुटुंबाच्या संग्रहाच्या आधाराने करावयाचा आहे. ते कुटुंब म्हणजे मूळचे फ्रँकफुर्टचे फ्रँक कुटुंब होय.

अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मराठी वाचकांना भाषांतराच्या द्वारे परिचित आहे. परंतु रोजनिशी हा त्या कुटुंबाच्या दप्तराचा केवळ एक भाग आहे, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. बाकीचे दप्तर पत्रे, पोस्टकार्डे, सरकारी अर्ज व छायाचित्रे यांचे असून ते निदान तीन देशांत विखुरलेले होते. त्या विखुरण्यातच ते वाचण्याचे कारण आहे. सामान्यतः असे म्हणता येईल की, छळाच्या काळात कागद लिहिणाऱ्याच्या घरी उरत नाही. उरलाच तर तो ज्याला लिहिला त्याच्या घरी उरतो. त्यामुळे अशा कुटुंबाचे दप्तर म्हणजे बहुधा संभाषणाची एकच बाजू असते. अ‍ॅम्स्टरडॅमहून बाझलला गेलेली पत्रे आहेत, पण बाझलहून आलेली उत्तरे नाहीत, अशा प्रकारची ती स्थिती असते. पुढील सर्व विवेचन वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ओटो फ्रँक (१८८९–१९८०) हे फ्रँकफुर्टमधील एका पेढीवाल्या ज्यू घराण्यातील. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते आणि अधिकारपदास पोचले होते; आघाडीवरून त्यांनी घरी धाडलेली पत्रे उपलब्ध आहेत. ते हौशी छायाचित्रकार होते. त्यांच्याजवळ लायका कॅमेरा होता, आणि मार्गो (जन्म १९२६) व अ‍ॅन (जन्म १९२९) या मुलींच्या बालपणाची जी असंख्य चित्रे आज आपण पाहतो त्यांपैकी पुष्कळशी त्यांनीच टिपलेली आहेत. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच घराणे पांगले. ओटो, त्यांच्या पत्नी एडिथ आणि मुली १९३३-३४ च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅमला गेल्या. ओटोंच्या मातोश्री आलीस या स्वित्झर्लंडमधील बाझल येथे आपली कन्या हेलेने एलियास हिच्याकडे राहावयास गेल्या. स्वित्झर्लंड युद्धात तटस्थ राहिले. नातींची पत्रे आजीकडे जात, सोबत छायाचित्रेही जात. आणि आजी ती ठेवून देई. यात संग्रह करण्याचा हेतू मुळीच नव्हता, नातवंडांची पत्रे कोणती आजी फेकून देते? हेलेने १९८६ साली वारल्या. त्यानंतर काही वर्षांनी त्यांचे पुत्र बडी एलियास (१९२५–२०१५) यांच्या पत्नी गेर्टी यांना त्या घराच्या माळ्यावर पत्रे, कागद व छायाचित्रे मिळून सुमारे ६,००० वस्तू आढळल्या. त्यांच्या आधारे मिर्याम प्रेस्लर यांनी लिहिलेला कुटुंबेतिहास २००९ साली प्रसिद्ध झाला. आज हा संग्रह फ्रँकफुर्टच्या ज्यू संग्रहालयाच्या स्वाधीन आहे. म्हणजे कुटुंब ज्या शहरातून परागंदा झाले, तेथेच त्याचे कागद परत आले.

दुसरा भाग अ‍ॅम्स्टरडॅमचा. ६ जुलै १९४२ रोजी कुटुंब प्रिन्सेनग्राख्त २६३ येथील कचेरीच्या मागल्या बाजूस लपून राहिले. त्याच्या आदल्याच दिवशी ओटोंनी बाझलला एक पोस्टकार्ड धाडले होते, आणि यापुढे पत्रव्यवहार करता येणार नाही हे त्यात आडवळणाने सुचविले होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना अटक झाली. अटकेनंतर घर रिकामे करण्याची जर्मनांची एक ठरलेली रीत होती. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हे काम पुल्स नावाची वाहतूक कंपनी करी, आणि तिच्या नावावरून घर लुबाडून रिकामे करण्याला डच भाषेत एक क्रियापदच रूढ झाले. मीप खीस आणि बेप फोस्काउल या कचेरीतील दोघी सहकारी त्या लोकांच्या आधी वर गेल्या व जमिनीवर पसरलेली अ‍ॅनची वह्यापाने त्यांनी गोळा केली. मीप यांनी ती न वाचता मेजाच्या खणात ठेवली. मुली वारल्याचे जुलै १९४५ मध्ये निश्चित झाल्यावर त्यांनी ती ओटोंच्या हाती दिली. दप्तर वाचविण्याची ही कृती काही मिनिटांची आहे. परंतु ‘न वाचता ठेवली’ हा तिचा भागही माझ्या मते तितकाच महत्त्वाचा आहे. कारण न वाचणाऱ्याने पाने लावण्याचा, निवडण्याचा किंवा खोडण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरा भाग अमेरिकेत मिळाला. १९४१ साली ओटोंनी आपले जुने मित्र नेथन स्ट्राउस यांना व इतरांना लिहून अमेरिकेचा प्रवेश-परवाना मिळविण्याचा कसोशीचा प्रयत्न केला होता. तो निष्फळ ठरला, तरी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत त्याची फाईल राहिली. पुढे ती अशा हजारो फायलींबरोबर न्यूयॉर्कच्या यिवो या संशोधनसंस्थेकडे आली, २००५ साली तेथे ओळखली गेली आणि २००७ साली सुमारे ८० पृष्ठांची ही फाईल जाहीर झाली. कारकुनी शिस्तीने जपलेल्या या कागदांत एका बापाची धडपड तारीखवार दिसते. कुटुंबाचे दप्तर शोधणाऱ्याने कुटुंबाबाहेर, म्हणजे वकील, पेढ्या, शाळा, मदतसंस्था व परराष्ट्र कचेऱ्या यांच्याकडे का पाहावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

येथे आणखी एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून प्रक्षेपित होणाऱ्या डच नभोवाणीवर बोल्केस्टाइन या मंत्र्यांनी असे आवाहन केले की, युद्धानंतर राष्ट्राचा इतिहास केवळ सरकारी खलित्यांवरून लिहिता येणार नाही. त्यासाठी सामान्य माणसांच्या रोजनिश्या व पत्रे जपून ठेवली पाहिजेत. ते ऐकून अ‍ॅनने आपली रोजनिशी सुट्या कागदांवर नव्याने लिहावयास घेतली. मुक्ततेनंतर तीनच दिवसांनी, ८ मे १९४५ रोजी, युद्धविषयक कागदपत्रांची राष्ट्रीय संस्था अ‍ॅम्स्टरडॅम येथे स्थापन झाली. ओटोंच्या मृत्युपत्रानुसार रोजनिशीची हस्तलिखिते १९८० नंतर तिच्याकडेच गेली. राजदरबारच्या कागदांइतकीच किंमत घरगुती कागदाला आहे, ही जाणीव येथे प्रत्यक्ष संकटातून निर्माण झाली.

असो. आता या कागदांच्या शरीराकडे वळू.

त्या काळचे सर्वसाधारण छायाचित्र म्हणजे कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि त्यावर जिलेटिनच्या पातळ पापुद्र्यात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण. या प्रत्येक घटकाचे स्वतःचे आजार आहेत. जिलेटिन पाणी शोषून फुगते, मऊ होते आणि समोरच्या काचेला अगर दुसऱ्या चित्राला चिकटते. चांदी हवेतील दूषित वायूंनी विरघळून पृष्ठभागावर येते, त्यामुळे चित्राच्या गडद भागावर निळसर, आरशासारखी झळाळी दिसू लागते. ही झळाळी पुसण्याचा मोह अनेकांना होतो. पुसल्याने झळाळीबरोबर चित्रही जाते. छायाचित्रकार ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते द्रव्य धुण्यात हयगय झाल्याने मागे राहिले असल्यास चित्र पिवळे पडते. घाईने व टंचाईत केलेल्या कामात, म्हणजे युद्धकाळात, हा दोष वारंवार आढळतो. फिल्मची गोष्ट याहून अवघड. सेल्युलोज नायट्रेटची जुनी फिल्म ज्वालाग्राही असून सडताना ती अन्य वस्तूंनाही नासविते. अ‍ॅसिटेटची ‘सुरक्षित’ म्हणविली जाणारी फिल्म कालांतराने आक्रसते व व्हिनेगरचा वास सोडते. हा वास येताच ती फिल्म वेगळी काढावी, तिची प्रत करून घ्यावी आणि तिला थंड जागी हलवावे. छायाचित्रे व फिल्म एका पेटीत ठेवणे हा सर्वांत सामान्य अपराध होय.

कागदाचेही तसेच आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला युद्धकालीन स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने ठिसूळ होतो. अ‍ॅनची सुटी पाने ही कचेरीत टंकलेखनाच्या कार्बन-प्रती काढण्यासाठी असणाऱ्या पातळ कागदाची आहेत. जो कागद मुळात टिकण्यासाठी केलेलाच नव्हता त्यावर तिने आपले लेखन केले. छावण्यांतून व वस्त्यांतून आलेली पुष्कळशी पत्रे शाईच्या पेन्सिलीने लिहिलेली असतात. ही पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते, आणि पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन पसरते. अशा पत्राला धुणे अथवा ओल्या खळीने दुरुस्त करणे म्हणजे ते नष्ट करणे होय. म्हणून अक्षर कशाने लिहिले आहे हे ओळखल्यावाचून कागदाला हात लावू नये. फाटलेल्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावण्याची घरगुती सवय तर सर्वांत घातक आहे. पट्टी काही वर्षांनी गळून पडते, डाग मात्र कायमचा राहतो. पातळ जपानी कागद व गव्हाच्या सत्वाची खळ ही तज्ज्ञांची पद्धत पुढे केव्हाही उलटविता येते. जतनाच्या सर्व उपायांची पहिली कसोटी हीच मानली जाते.

साठवणीसंबंधी मोठे शास्त्र आहे, पण त्यातील बहुतेक भाग थोडक्यात सांगता येतो. आम्लरहित कागदाचे पुडके किंवा पॉलिएस्टरचे पारदर्शक वेष्टन वापरावे, पीव्हीसीचे वापरू नये. रबरी फिती, टाचण्या व क्लिपा काढाव्यात. जागा काळोखी, थंड व कोरडी असावी. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर असावी. छायाचित्र हाताळताना स्वच्छ नायट्राइल हातमोजे घालावेत, कारण बोटांवरील क्षार जिलेटिनवर ठसा उमटवितात व तो पुढे काळा पडतो.

आल्बम हा मात्र वेगळा विषय आहे. त्या काळातील आल्बमची काळी पाने आम्लयुक्त असतात, म्हणून चित्रे सोडवून नव्या आल्बमात लावण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हा सल्ला स्वीकारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आल्बम म्हणजे केवळ चित्रांचे पात्र नव्हे, तो रचणाऱ्याचा लेखच आहे. कोणते चित्र कोणाशेजारी आले, कोणत्या चित्राची केवळ रिकामी चौकट उरली आहे, पांढऱ्या पेन्सिलीने कोणते नाव लिहिले आहे, या सर्वांना अर्थ आहे. हद्दपारीच्या काळात घाईघाईने एखादे चित्र उपटून बरोबर नेलेले असू शकते. ती रिकामी जागाही साधनच होय. पानांमध्ये आम्लरहित कागद घालून आल्बम जसाच्या तसा ठेवणे हाच मार्ग बहुधा योग्य ठरतो.

हीच गोष्ट पाकिटाची. पाकीट, तिकीट, टपालाचा शिक्का, सेन्सॉरने उघडून पुन्हा डकवलेली पट्टी ही सर्व काढून टाकून ‘मुख्य’ पत्र तेवढे ठेवणारे वारस आढळतात. वस्तुतः कालनिर्णय पुष्कळदा याच गौण वस्तूंवर अवलंबून असतो. जर्मन पारपत्रावर ‘ज’ या उच्चाराचे रोमन अक्षर तांबड्या शाईने उमटलेले असेल, तर ते ऑक्टोबर १९३८ नंतरचे. नावात ‘इझ्राएल’ किंवा ‘सारा’ हा सक्तीचा शब्द जोडलेला असेल, तर कागद सामान्यतः जानेवारी १९३९ च्या पुढचा. नेदरलँड्समध्ये घेतलेल्या चित्रात अंगरख्यावर पिवळा तारा शिवलेला असेल, तर ते मे १९४२ च्या आधीचे असूच शकत नाही. रेड क्रॉसच्या छापील फॉर्मवरील मजकूर कोरडा व त्रोटक वाटतो, याचे कारण लिहिणाऱ्याचा स्वभाव नसून २५ शब्दांची मर्यादा हे आहे. फॉर्म टाकून केवळ मजकूर उतरवून घेतला, तर पुढचा अभ्यासक या बाबतीत हमखास फसेल. जुन्या पिढीचे जर्मन हस्ताक्षर हाही एक अडसर आहे. आपल्याकडे मोडीची जी गत झाली तीच तेथे त्या वळणाच्या लिपीची झाली, आणि नातवंडांना आजीचे पत्र वाचता येत नाही. परंतु न वाचता येणारा कागद निरुपयोगी समजून टाकू नये, हे राजवाड्यांच्या परंपरेतील अभ्यासकाला सांगण्याची गरज नसावी.

आतापर्यंत काल आणि हवा यांनी होणाऱ्या हानीचा विचार झाला. याहून सूक्ष्म हानी सद्हेतूने कागद हाताळणाऱ्यांकडून होते, आणि तिचे परिणाम किती दूरवर पोचतात हे रोजनिशीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. रोजनिशी बनावट आहे असा आरोप पन्नाशीच्या दशकापासून काही मंडळी करीत आली. ल्यूबेक येथील एका शिक्षकाने १९५८ साली तसे लिहिले, तेव्हा ओटोंनी न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने नेमलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी १९६० साली लेखन अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. पुढे दुसऱ्या एका खटल्याच्या निमित्ताने जर्मन संघीय गुन्हे अन्वेषण कार्यालयाने १९८० साली एक चार पानी अहवाल दिला. सुट्या पानांवर काही ठिकाणी बॉलपेनच्या शाईतील लेखन आढळते, असे त्यात म्हटले होते; मात्र ते नेमके कोठे व किती आहे याचा तपशील दिलेला नव्हता. बॉलपेन युरोपात युद्धानंतरच प्रचारात आले. एका प्रमुख जर्मन साप्ताहिकाने हे वृत्त ठळकपणे छापले, आणि नरसंहार झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र आले.

हस्तलिखिते डच संस्थेकडे आल्यानंतर रेइसवेइक येथील सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांची पुन्हा तपासणी झाली. कागद, शाई, डिंक, बांधणी व हस्ताक्षर या सर्वांचा कसून शोध घेण्यात आला, आणि त्याचा वृत्तांत १९८६ सालच्या चिकित्सक आवृत्तीत प्रसिद्ध झाला. बॉलपेनने लिहिलेला मजकूर आढळला तो पानांत मागाहून पडलेल्या दोन सुट्या चिठ्ठ्यांवर, आणि त्यांवरील अक्षर अ‍ॅनचे नव्हते. त्या चिठ्ठ्या १९६० च्या सुमारास हस्ताक्षर-तपासणीच्या कामात असलेल्या एका स्त्रीच्या असल्याचे पुढे तिच्या मुलाने सांगितले. म्हणजे अस्सलपणा सिद्ध करण्यासाठी जे हात कागदांना लागले, त्यांतीलच एकाच्या टिपणाने पुढील संशयाला आधार पुरविला! जर्मन कार्यालयाने २००६ साली जाहीर केले की, आपल्या १९८० च्या अहवालाचा आधार रोजनिशीच्या अस्सलपणाविषयी शंका घेण्यासाठी घेता येणार नाही. तोपर्यंत पाव शतक लोटले होते. संग्रहात पेन नेऊ न देण्याचा वाचनकक्षाचा नियम नव्या विद्यार्थ्याला जाचक वाटतो. त्याने हे प्रकरण मुळातून वाचावे.

या तपासणीचे दुसरेही एक अंग आहे. हस्ताक्षर अस्सल की नाही हे ठरवावयाचे तर निर्विवादपणे त्याच व्यक्तीचे असलेले दुसरे लेखन लागते. ते अ‍ॅनने नातलगांना लिहिलेल्या पत्रांत व कार्डांत आणि मैत्रिणींच्या आठवणींच्या वह्यांत लिहिलेल्या ओळींत मिळाले. तिकिटे व टपालाचे शिक्के यांवरून त्यांची तारीखही ठरविता आली. जगप्रसिद्ध हस्तलिखिताची साक्ष अशी क्षुल्लक चिटोऱ्यांनी दिली. दप्तरातील एकही कागद एकटा नसतो, आणि ‘महत्त्वाचे’ तेवढे ठेवून बाकीचे टाकणाऱ्याने महत्त्वाच्या कागदाचाच साक्षीदार गमावलेला असतो. मूळ वस्तू जपण्याचे प्रयोजनही येथेच स्पष्ट होते. प्रतिकृतीतून मजकूर वाचता येतो, पण डिंक आणि शाई तपासता येत नाही.

तरीही प्रती कराव्यातच, आणि त्या उत्तम कराव्यात. रोजनिशीच्या पहिल्या वहीतील दोन पाने अ‍ॅनने तपकिरी कागद चिकटवून झाकून टाकली होती. २०१६ साली वह्यांच्या प्रकृतीची नेहमीची तपासणी चालू असता त्या पानांची छायाचित्रे मागून फ्लॅशचा उजेड सोडून घेण्यात आली. नंतर प्रतिमांवर संगणकाने प्रक्रिया केल्यावर खालचा मजकूर वाचता आला, आणि तो मे २०१८ मध्ये जाहीर झाला. त्यात काही खोडलेले शब्द, थोडे चावट विनोद आणि लैंगिक विषयावरील ३३ ओळी होत्या. कागद सोडविला गेला नाही, डिंकाला धक्का लागला नाही. जतनशास्त्राच्या दृष्टीने हे काम निर्दोष होय. परंतु तेरा वर्षांच्या मुलीने जे बुद्ध्या झाकले ते जगापुढे मांडावे काय, हा प्रश्न उरतोच. संबंधित संस्थांनी संशोधनमूल्याच्या बाजूने कौल दिला. मला त्यांचा निर्णय ग्राह्य वाटतो, पण तो वादातीत वाटत नाही. ओटोंनीही आई-वडिलांच्या संसारासंबंधीची पाच पाने वेगळी काढून एका परिचिताच्या स्वाधीन केली होती. ती १९९८ साली प्रकाशात आली, आणि २००१ साली डच शासनाने ३,००,००० डॉलर मोजल्यावर मूळ संग्रहात परतली. कुटुंबाचा संकोच हाही दप्तराच्या इतिहासाचाच एक भाग असतो. संग्राहकाने तो मोडून काढण्यापेक्षा ‘अमुक सालापर्यंत बंद’ अशी अट मान्य करून कागद सुरक्षित राखणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

फ्रँक कुटुंबाला बाझलची आजी होती, मीप व बेप होत्या, आणि वाचून परत आलेला बाप होता. बहुसंख्य कुटुंबांना यांपैकी काहीच नव्हते. आउश्वित्झ येथील संग्रहालयात सुमारे २,४०० कौटुंबिक छायाचित्रे आहेत. हद्दपार झालेल्या लोकांनी, मुख्यतः बेंजिन व सोस्नोव्हिएत्स या पोलिश गावांकडच्या ज्यूंनी, ती सामानातून आणली होती. विवाह, सहली, शाळेचे वर्ग, दुकानापुढे उभी असलेली माणसे हे सर्व त्यांत आहे. पण त्यांच्याभोवतीचा संसार, पत्रे, आल्बम व शेजारी, काहीही उरलेले नाही. पाठीमागील एखादे नाव किंवा छायाचित्रालयाचा शिक्का एवढ्यावरून आणि वाचलेल्या नातलगांच्या स्मृतीवरून त्यांतील काही माणसे ओळखण्यासाठी संशोधकांना वर्षानुवर्षे खपावे लागले. यामुळेच चित्राची पाठ ही चित्राइतकीच मोलाची आहे, आणि संगणकीय प्रत करताना दोन्ही बाजूंची करावी, असे आग्रहाने सांगावे लागते. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने २०११ साली घराघरांतून अशा वस्तू गोळा करण्याची मोहीम सुरू केली, तिचेही कारण तेच. ओळखणारी माणसे संपत आली आहेत.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे कोणी म्हणेल. तो सर्वस्वी तसा नाही. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला नाझी छळाची झळ पोचली नाही, आणि त्या इतिहासाशी त्याची गल्लत करू नये. मात्र १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेल्याने त्यांची दप्तरेही दोन देशांत विभागली गेली, आणि घेणाऱ्याच्या घरी कागद उरतो हा नियम त्यांनाही लागू पडतो. दुसरा दुवा थेट आहे. १९३३ नंतर जर्मनी व ऑस्ट्रियातून काही निर्वासित मुंबईस आले. वॉल्टर लँगहॅमर, रूडॉल्फ फॉन लायडन, एमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतील नावे आपल्या कलेच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. अप्रसिद्ध माणसेही त्यांत होती. युरोपात मागे राहिलेल्यांनी त्यांना पत्रे लिहिली असतील, तर ती मुंबईच्या पत्त्यावर आली असणार. म्हणजे काही कुटुंबांच्या बाबतीत बाझलची जागा मुंबईने घेतलेली असू शकते. जुन्या बाजारात किंवा एखाद्या जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर जर्मन अक्षराचे गठ्ठे दिसल्यास अभ्यासकाने तिकिटांपुरती पाकिटे विकत घेणाऱ्या संग्राहकाच्या आधी तेथे पोचावे.

अशा संग्रहाला येथे पावसाळा हा मोठा शत्रू आहे. किनाऱ्यावरील आर्द्रता पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, आणि सुमारे ६५ टक्क्यांपुढे बुरशी वाढू लागते. काचेच्या चौकटीत बसवलेले चित्र काचेला थेट टेकत असेल, तर ते पावसाळ्यापूर्वी सोडवून घ्यावे. एकदा चिकटल्यावर ओढून काढू नये, चौकटीसह तज्ज्ञाकडे न्यावे. बुरशी आलेली वस्तू उन्हात वाळविण्याची आपली रीत छायाचित्राला चालत नाही, कारण जिलेटिन तडकते व कागद वळतो. सावलीत, वाहत्या हवेत सुकवून मगच मऊ कुंचल्याने झटकावी. पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवण्याची परंपरा चांगली असली, तरी कोणतीही भुकटी चित्राच्या पृष्ठभागाला लागू देऊ नये, आणि डांबराच्या गोळ्या पेटीत मुळीच टाकू नयेत. पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावी.

सर्वांत निकडीचे काम मात्र यांपैकी कोणतेही नाही. कुटुंबातील वृद्ध व्यक्ती हयात असेल, तर पेटी, वेष्टने व यंत्रसामग्री यांची वाट न पाहता चित्रांच्या साध्या प्रती घेऊन तिच्यापाशी बसावे. मूळ चित्रे तिच्या हाती देऊ नयेत, दिल्यास पेन दूर ठेवावे. हे कोण, कोठे, चित्र कोणी काढले, ते तुमच्याकडे कसे आले आणि मधल्या काळात कोणाकडे होते, हे क्रमाने विचारावे. शेवटचे दोन प्रश्न विसरले जातात व तेच पुढे सर्वाधिक उपयोगी पडतात. उत्तर वेगळ्या कागदावर, चित्राचा क्रमांक, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून, पेन्सिलीने लिहावे. दोन नातलगांनी एकाच चेहऱ्याला दोन नावे सांगितली, तर दोन्ही लिहावीत. ‘आठवत नाही’ हे उत्तर आले, तर तेही लिहून ठेवावे.